किडनीच्या कॅन्सरच्या पसरलेल्या गाठी काढल्यावर काय बिघडू शकतं, आणि ते वेळेत कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६४ वर्षांचे. सात वर्षांपूर्वी डाव्या किडनीत क्लिअर सेल प्रकारचा कॅन्सर निघाला आणि किडनीबरोबर त्याच बाजूची, किडनीच्या माथ्यावर बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथीही काढली गेली. आता सीटी स्कॅनमध्ये तीन गाठी दिसतात: उजव्या फुफ्फुसात एक, स्वादुपिंडाच्या शेपटीत एक आणि उरलेल्या उजव्या अ‍ॅड्रिनलमध्ये एक. पाच महिने कॅन्सरवरच्या कॅबोझँटिनिबच्या गोळ्या आणि निवोलुमॅबची (इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणारं औषध) इंजेक्शनं चालू आहेत. गाठी थोड्या आक्रसल्या, नवीन काही उगवलेलं नाही. सर्जन म्हणतात, तिन्ही काढता येतील. मुलगी विचारते की ऑपरेशननंतर काय काय बिघडू शकतं, किती वेळा बिघडतं, आणि घरी आल्यावर आम्ही कशावर लक्ष ठेवायचं.

कॅन्सर किडनीचा असला तरी या ऑपरेशनचा धोका किडनीच्या ऑपरेशनसारखा नसतो. गाठ ज्या अवयवात बसली आहे, त्या अवयवाचा धोका पत्करावा लागतो. फुफ्फुसाच्या कडेची छोटी गाठ दुर्बिणीने काढलेला माणूस तीन-चार दिवसांत घरी जातो. त्याच आकाराची गाठ स्वादुपिंडात असेल तर तोच माणूस तीन आठवडे पोटात नळी घेऊन फिरू शकतो. त्यामुळे ‘या ऑपरेशनमध्ये धोका किती टक्के’ असं सरसकट विचारलं तर उत्तरही सरसकटच मिळतं, आणि ते वडिलांना लागू पडत नाही.

तरीही आकडा हवा असतो, म्हणून देतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या राष्ट्रीय नोंदींमधून २००० ते २०११ या काळातल्या सुमारे ११०० रुग्णांचा अभ्यास झाला आहे. सगळ्यांच्या किडनीच्या कॅन्सरच्या पसरलेल्या गाठी काढलेल्या होत्या. रुग्णालयातल्या मुक्कामातच जवळपास ४६ टक्के लोकांना काही ना काही गुंतागुंत झाली, साधारण २५ टक्क्यांना मोठी झाली आणि २.४ टक्के दगावले. यकृताचा भाग काढलेल्यांमध्ये गुंतागुंतीचं प्रमाण ठळकपणे जास्त होतं.

४६ टक्के ऐकून घाबरू नका, आणि २.४ टक्के ऐकून निर्धास्तही होऊ नका. या नोंदी डिस्चार्जच्या वेळी भरलेल्या कोडवरून काढलेल्या आहेत. घरी गेल्यावर आठव्या दिवशी ताप येऊन परत भरती झालेला माणूस त्यात सापडत नाही. उलट, एक रक्ताची बाटली चढवली तरी ती गुंतागुंत म्हणून मोजली जाऊ शकते. आम्ही सर्जन गुंतागुंत मोजताना क्लाव्हियन-डिंडो नावाची श्रेणी वापरतो. नेहमीच्या क्रमापासून थोडं भरकटलं आणि साध्या औषधांवर निभावलं तर पहिली. रक्त किंवा खास औषधं लागली तर दुसरी. नळी टाकावी लागली किंवा पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर तिसरी. आयसीयूत जावं लागून एखादा अवयव बंद पडला तर चौथी, आणि पाचवी म्हणजे मृत्यू. तुमच्या सर्जनना विचारताना ‘तिसरी आणि त्यावरची किती वेळा होते, आणि झाली तर तुमच्याकडे ती रात्री दोन वाजता कोण सांभाळतं’ असं विचारा. दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

इतका धोका असूनही हे ऑपरेशन का करतात, हेही दोन वाक्यांत सांगायला हवं. किडनीचा क्लिअर सेल कॅन्सर कधी कधी फार संथ चालतो, दहा वर्षांनीही एकटीदुकटी गाठ घेऊन परत येतो, आणि अशी गाठ पूर्ण काढली तर काही जण बरीच वर्षं जगतात. १९३९ साली बार्नी आणि चर्चिल या दोन अमेरिकी डॉक्टरांनी किडनी आणि नंतर फुफ्फुसातली गाठ काढलेल्या एका रुग्णाची हकिगत छापली. ती व्यक्ती पुढे वीसहून अधिक वर्षं जगली आणि वारली ती हृदयविकाराने. तेव्हापासून ही वाट चालू आहे. मात्र एका गटाच्या गाठी काढायच्या आणि दुसऱ्याच्या नाही, अशी चिठ्ठ्या टाकून केलेली नीट तुलना आजवर झालेली नाही. ज्यांची तब्येत चांगली, गाठी कमी आणि आजार संथ, त्यांनाच आपण ऑपरेशनला नेतो. ते जास्त जगले तर श्रेय कात्रीचं किती आणि आजाराच्या स्वभावाचं किती, हे कुणालाच नेमकं वेगळं काढता येत नाही. म्हणूनच गुंतागुंतीचा हिशोब इथे जास्त काटेकोर लागतो.

आता तुमच्या वडिलांच्या तीन गाठींकडे.

फुफ्फुसातली गाठ ही तिघींमध्ये सगळ्यात सोपी. दुर्बिणीने स्टेपलर लावून पाचरीसारखा तुकडा काढतात. नेहमी होणारी तक्रार म्हणजे हवेची गळती: छातीतल्या नळीतून बुडबुडे येत राहतात आणि नळी काढता येत नाही. पाच दिवसांपेक्षा जास्त चालली तर तिला लांबलेली गळती म्हणतात. बहुतेक वेळा ती आपोआप थांबते. याशिवाय फुफ्फुसाचा तळ दबून राहणं, न्यूमोनिया, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित होणं. हे सगळं ओळखीचं आणि आवाक्यातलं आहे. पण एक अडचण या काळातली आहे. निवोलुमॅबमुळे फुफ्फुसाला जी सूज येऊ शकते, ती एक्स-रेवर न्यूमोनियासारखीच दिसते. ऑपरेशननंतर धाप, कोरडा खोकला आणि ऑक्सिजन कमी, आणि अँटिबायोटिक देऊन दोन दिवसांत फरक नाही, असं झालं तर ‘ही इम्युनोथेरपीची सूज असेल का’ हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. तिचा उपाय स्टेरॉइड आहे, अँटिबायोटिक नाही. छातीचे सर्जन आणि औषधं देणारे ऑन्कोलॉजिस्ट एकाच फाइलवर लिहीत नसतील तर तो प्रश्न तुम्ही विचारा.

स्वादुपिंडाची गोष्ट वेगळी, आणि तिच्यावर थोडा वेळ घालवतो.

स्वादुपिंडाचा शेपटीकडचा भाग काढला की उरलेल्या भागाचं एक तोंड उघडं राहतं. ते स्टेपलरने किंवा टाक्यांनी बंद करतात. पण या अवयवाचं कामच पाचकरस बनवणं. तो रस बंद तोंडातून झिरपला तर आजूबाजूच्या ऊतींना पचवू लागतो. याला फिस्टुला म्हणतात. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधल्या, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीतल्या, पाण्यातलं अमायलेज (पाचकरसातलं एक एंझाइम) रक्तातल्या कमाल नॉर्मल पातळीच्या तिपटीहून जास्त आलं की रस झिरपतोय हे कळतं. नुसता आकडा वाढला आणि माणूस ठणठणीत असला तर त्याला आता फिस्टुला म्हणतही नाहीत. ताप आला, नळी तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवावी लागली, सुई घालून साठलेलं पाणी काढावं लागलं, म्हणजे खरा फिस्टुला.

स्वादुपिंडाच्याच मूळ कॅन्सरमध्ये ग्रंथी बहुधा कडक झालेली असते, तिची नळी फुगलेली असते, आणि कडक ऊतीत टाका चांगला धरतो. किडनीकडून आलेली गाठ मात्र निरोगी स्वादुपिंडात बसलेली असते. ग्रंथी लोण्यासारखी मऊ, नळी बारीक. टाका ओढला की फाटतो. म्हणून या रुग्णांमध्ये रस झिरपण्याची भीती उलट जास्त असते, तेही आजार तुलनेने सौम्य असताना. शेपटीचा भाग काढलेल्यांत अंदाजे पाचातल्या एकाला त्रासदायक फिस्टुला होतो असं मी रुग्णांना धरून चालायला सांगतो.

फिस्टुला बहुतेकदा वेळ घेऊन बरा होतो. जीव घेते ती त्याच्या मागून येणारी रक्तस्रावाची लाट. झिरपलेला रस जवळच्या धमनीची भिंत कुरतडतो, तिथे फुगा तयार होतो आणि तो पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात कधीतरी फुटतो. फुटण्याआधी काही तास ते दोन-चार दिवस पुष्कळदा एक छोटा इशारा मिळतो: ड्रेनमध्ये अचानक थोडं लाल पाणी, किंवा उलटीत चमचाभर रक्त, किंवा काळी शी. ते आपोआप थांबतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. तिथेच घात होतो. नळीत लाल दिसलं की त्याच दिवशी, त्याच तासात रुग्णालय गाठायचं आणि रक्तवाहिन्यांचा सीटी करायचा. फुगा सापडला तर जांघेतून तार नेऊन तो आतून बुजवता येतो, आणि पुन्हा पोट उघडावं लागत नाही. म्हणूनच मघाशी रात्री दोनचा प्रश्न विचारायला सांगितला. जिथे चोवीस तास तार घालणारे रेडिओलॉजिस्ट नाहीत, तिथे स्वादुपिंडाचं ऑपरेशन करून घेऊ नये, हे माझं ठाम मत.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे ती जुन्या ऑपरेशनची. डावी किडनी गेली की तिची जागा रिकामी राहत नाही. मोठं आतडं, प्लीहा आणि स्वादुपिंडाची शेपटी त्या खड्ड्यात सरकतात आणि पाठीमागच्या स्नायूला चिकटतात. म्हणजे सर्जनना नेमकं तिथेच काम करायचं आहे जिथे सात वर्षांपूर्वी कुणीतरी काम केलं होतं. आतड्याला भोक पडणं आणि प्लीहा काढावी लागणं याची तयारी आधीच हवी. प्लीहा जाण्याची शक्यता असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस बी या जंतूंच्या लसी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी घ्याव्यात. नंतर घेतल्या तरी चालतात, पण आधी घेतलेल्या चांगल्या धरतात. प्लीहा नसलेल्या माणसाचा ताप आयुष्यभर गंभीरपणे घ्यायचा असतो.

शेपटीकडच्या भागात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दाट असतात, त्यामुळे काहींना नंतर मधुमेह होतो किंवा असलेला वाढतो. एंझाइम कमी पडली तर शी तेलकट, चिकट होते आणि वजन घटत जातं. त्यासाठी जेवणाबरोबर घ्यायच्या एंझाइमच्या कॅप्सूल असतात. लोक याला ‘ऑपरेशननंतरचा अशक्तपणा’ समजून महिनोन्महिने काढतात.

आता तिसरी गाठ, उजव्या अ‍ॅड्रिनलची. मला सगळ्यात जास्त काळजी हिची वाटते.

कात्रीचा धोका आहेच. उजव्या अ‍ॅड्रिनलची शीर अगदी आखूड असते आणि थेट शरीरातल्या सगळ्यात मोठ्या शिरेत उघडते. ती निसटली तर मोठा रक्तस्राव होतो. पण सरावलेल्या हाताला हे जमतं. खरा प्रश्न ऑपरेशन संपल्यावर सुरू होतो. डावी अ‍ॅड्रिनल आधीच गेलेली आहे. उजवीही गेली की शरीरात कॉर्टिसोल, म्हणजे रक्तदाब टिकवून धरणारं संप्रेरक, बनवणारं काही उरत नाही. कॉर्टिसोल बाहेरून दिलं नाही तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस एक-दोन दिवसांत जाऊ शकतो.

हे वाचायला सरळ वाटतं, प्रत्यक्षात चुकतं. सात वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनच्या कागदात ‘अ‍ॅड्रिनलसह’ हा एक शब्द असतो आणि तो कुणी वाचत नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वरचा रक्तदाब ८० पर्यंत घसरलेला, मळमळ, गुंगी, थोडा ताप, रक्तात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं. एकच किडनी असलेल्या माणसाचे हे आकडे पाहून पहिला विचार येतो ‘किडनी बंद पडतेय’ किंवा ‘जंतुसंसर्ग झालाय’. सलाइन वाढवतात, अँटिबायोटिक बदलतात, रक्तदाब चढवायची औषधं लावतात, आणि रक्तदाब चढत नाही. १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलचंच औषधी रूप, शिरेतून दिलं की काही तासांत चित्र पालटतं. संशय आला की तपासणीच्या रिपोर्टची वाट न पाहता ते द्यायचं असतं, त्यानंतर चोवीस तासांत साधारण २०० मिलिग्रॅम. योग्य तयारीत हे इंजेक्शन भूल देतानाच सुरू झालेलं असतं आणि हा प्रसंग येतच नाही.

घरी जाताना रोजच्या गोळ्या लागतात: बहुतेकांना दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, आणि मिठाचा तोल राखायला फ्लुड्रोकॉर्टिसोन. या गोळ्या जन्मभराच्या. ताप आला, दात काढायचा असला, अपघात झाला की डोस वाढवायचा. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन, आणि ते घरात हवं, घरातल्या कुणाला तरी देता यायला हवं. खिशात एक कार्ड हवं: ‘दोन्ही अ‍ॅड्रिनल काढलेल्या आहेत, बेशुद्ध आढळल्यास हायड्रोकॉर्टिसोन द्या.’

निवोलुमॅब इथेही डोकं वर काढतं. या औषधाने मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला किंवा थायरॉइडला सूज येऊ शकते. पिट्युटरी बिघडली तर अ‍ॅड्रिनल जागेवर असूनही कॉर्टिसोल कमी पडतं, फक्त तेव्हा पोटॅशियम सहसा वाढत नाही. म्हणून ऑपरेशनपूर्वी सकाळचं कॉर्टिसोल आणि थायरॉइडच्या चाचण्या करून घ्या. दोन्ही कमी आली तर आधी स्टेरॉइड, मग थायरॉइडची गोळी. हा क्रम उलटा झाला तर धोका वाढतो.

तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकतात ते असं: स्वादुपिंडाचा तुकडा गेल्याने साखर आधीच डळमळीत, त्यात ऑपरेशनच्या दिवसांतला स्टेरॉइडचा मोठा डोस साखर आणखी चढवतो, स्टेरॉइडमुळे जखम सावकाश भरते आणि संसर्गाचा ताप दबून राहतो. म्हणजे फिस्टुला झाला तरी त्याची नेहमीची चाहूल उशिरा लागते. एकेका अवयवाचा धोका वेगवेगळा सांगून त्यांची बेरीज केली तर हा भाग हिशोबात येतच नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर सर्जनना पहिला प्रश्न असा विचारला असता: तिन्ही गाठी कात्रीनेच काढायला हव्यात का? गाठी काढण्याचा फायदा मुख्यतः सगळ्या गेल्या तर होतो. दोन काढून तिसरी तशीच सोडणं हा बहुधा वाईट सौदा. पण ‘सगळ्या जाणं’ म्हणजे सगळ्या कापणं नव्हे. अ‍ॅड्रिनलच्या गाठीवर नेमका, मोठ्या मात्रेचा किरणोपचार, म्हणजे एसबीआरटी, करता येतो. गाठ कडेला असेल तर ग्रंथीचा काही भाग वाचवणारं ऑपरेशनही करता येतं. थोडी निरोगी अ‍ॅड्रिनल उरली तरी रोजच्या गोळीची गरज टळू शकते. स्वादुपिंडातल्या किडनीच्या गाठी तर इतर ठिकाणच्या गाठींपेक्षा संथ म्हणून ओळखल्या जातात. औषधावर त्या स्थिर असतील तर काही महिने थांबून पाहणं हा निष्काळजीपणा ठरत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पसरलेला पण लक्षणं नसलेला संथ आजार असलेल्या निवडक रुग्णांना औषधही न देता नुसतं नजरेखाली ठेवलं होतं. औषध सुरू करावं लागेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) सुमारे १५ महिने होता. आणि फुफ्फुस व पोट एकाच दिवशी उघडायचा प्रस्ताव असेल तर मी तरी नको म्हणेन. आधी सोपं, माणूस सावरला की अवघड.

औषध थांबवण्याचा हिशोब वेगळा मांडतो, कारण इथे चुका होतात. कॅबोझँटिनिब गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या रोखतं, आणि जखम भरायलाही त्याच नव्या रक्तवाहिन्या लागतात. ते शरीरातून सावकाश जातं. अर्धं कमी व्हायलाच चार दिवस लागतात. म्हणून ठरवलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन आठवडे आधी ते बंद करायचं. दात काढायचा असला तरी हाच नियम. नंतर किमान दोन आठवडे आणि जखम नीट भरेपर्यंत सुरू करायचं नाही. याच कुळातली इतर औषधं वेगवेगळ्या गतीने निघून जातात: सुनिटिनिबला तीन आठवडे, पॅझोपॅनिब आणि लेनव्हॅटिनिबला किमान एक आठवडा, अ‍ॅक्सिटिनिबला दोन दिवस. ‘ती गोळी आदल्या दिवशी बंद केली’ असं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. सगळं सुरळीत झालं तर औषधाविना पाच-सहा आठवडे जातात. फिस्टुला झाला तर तो बंद होईपर्यंत कॅबोझँटिनिब सुरू करता येत नाही, कारण ते स्वतःच भोकं पाडण्यासाठी आणि रक्तस्रावासाठी कुप्रसिद्ध आहे. दोन-तीन महिने निघून जातात. आजार तेवढा वेळ शांत बसेल का, याचा अंदाज ऑपरेशन ठरवतानाच घ्यावा लागतो. निवोलुमॅब शरीरात याहून जास्त काळ रेंगाळतं, पण जखम भरण्याच्या आड सहसा येत नाही. पाच महिने आजार स्थिर आहे ही तुमच्यासाठी जमेची बाजू.

उरलेली किडनी सगळ्यांच्या मध्यभागी आहे. ऑपरेशनच्या आठवड्यात तिच्यावर चारही बाजूंनी मारा होतो: भुलेत घसरलेला रक्तदाब, सीटीच्या वेळी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट द्रव्य, अँटिबायोटिक, वेदनाशामक. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम/डेसिलिटरने वाढलं तरी ती इजा धरतात, मग आकडा कागदावर नॉर्मल का दिसेना. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, किटोरोलॅक यांना दूर ठेवायला सांगा; पॅरासिटामॉल, नसा बधिर करणारी इंजेक्शनं आणि गरजेपुरतं मॉर्फिनच्या जातीचं औषध यांवर वेदना सांभाळता येतात. जेंटामायसिन आणि अ‍ॅमिकासिन टाळता आली तर उत्तम. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं हेपारिनच्या जातीचं इंजेक्शन पोटाच्या मोठ्या कॅन्सर ऑपरेशननंतर साधारण चार आठवडे चालवतात. किडनी बरीच मंद असेल तर त्याचा डोस बदलतो. घरी आल्यावर गुडघेदुखीच्या गोळ्यांची जुनी पट्टी ड्रॉवरमधून काढून कुणी देत नाही ना, तेवढं पाहा.

इतर जागांच्या गाठींबद्दल वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. हाडातली गाठ रक्ताने गच्च भरलेली असते. ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी तिच्या धमन्या बुजवून घेतल्या तर रक्तस्राव बराच कमी होतो. मणक्याच्या बाबतीत मज्जारज्जूला रक्त देणारी धमनी त्याच जागेवरून निघत नाही ना, हे आधी पाहणं अटळ. यकृतात पित्ताची गळती आणि उरलेलं यकृत कमी पडणं. मेंदूत सूज, फिट आणि गाठीतला रक्तस्राव. तिथे छोट्या गाठींना नेमका किरणोपचार पुष्कळदा पुरतो. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज बसणं आणि कॅल्शियम उतरून बोटांना मुंग्या येणं. मात्र मान फुगून श्वास अडकू लागला तर ती मिनिटांची आणीबाणी असते.

घरी लक्ष ठेवायच्या गोष्टी. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप. ड्रेनच्या पाण्याचा रंग बदलणं: लाल झालं तर तडक रुग्णालय, गढूळ किंवा दुधट झालं तर त्याच दिवशी फोन. एका पायाची सूज किंवा अचानक धाप. लघवी निम्म्यावर येणं. दोनपेक्षा जास्त उलट्या, कारण तेव्हा हायड्रोकॉर्टिसोनची गोळी पोटात राहिलेली नसते. विनाकारण गुंगी किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. पोटातली वेदना रोज थोडी कमी व्हायला हवी. पाचव्या दिवशी चौथ्या दिवसापेक्षा जास्त असेल तर ‘ऑपरेशन झालंय, दुखणारच’ म्हणून गप्प बसू नका. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाचा ताप फसवा असतो, म्हणून त्यांच्या बाबतीत नाडीकडे बघा. शांत बसलेले असताना ती ११० च्या वर सारखी राहिली तर कळवा.

नंतरच्या औषधाचा विषय निघेलच. गाठी काढून झाल्यावर खबरदारी म्हणून सोराफेनिब किंवा पॅझोपॅनिब देऊन पाहिलं गेलं आहे. दोन्ही चाचण्यांत फायदा दिसला नाही. निवोलुमॅबच्याच जातीच्या पेम्ब्रोलिझुमॅबच्या कीनोट-५६४ या चाचणीत आजार परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी झालं, पण त्यात गाठी काढलेले रुग्ण थोडेच होते, आणि तेही किडनी काढल्यापासून एका वर्षाच्या आत गाठी काढलेले. सात वर्षांनी परतलेला आजार त्या चौकटीत बसत नाही, शिवाय वडील आधीच त्याच जातीच्या औषधावर आहेत. त्यामुळे ‘आता हे इंजेक्शन घ्यायलाच हवं’ असं कुणी सांगितलं तर कुठल्या आधारावर, ते विचारा.

ऑपरेशननंतरचा पहिला स्कॅन साधारण दोन-तीन महिन्यांनी होतो आणि त्यावरून घरात बरीच घबराट होते. स्वादुपिंडाच्या कापलेल्या टोकाशी पाण्याचा एक कप्पा दिसतो, फुफ्फुसात स्टेपलच्या रेषेशी जाडसर वण दिसतो, आणि रिपोर्टमध्ये ‘पुनरुद्भव नाकारता येत नाही’, म्हणजे आजार परतला नाही असं सांगता येत नाही, असं छापून येतं. क्लिअर सेलची गाठ सहसा रक्ताने भरलेली असल्याने कॉन्ट्रास्ट धमन्यांत पोहोचताच उजळते; पाण्याचा कप्पा उजळत नाही. त्यामुळे स्कॅनच्या मागणीपत्रावर कुठलं ऑपरेशन, कोणत्या तारखेला आणि कोणत्या बाजूला झालं हे लिहून घ्या, आणि धमन्यांच्या टप्प्याचे फोटो घ्यायला सांगा. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. त्या स्कॅनची सीडी घरी ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक स्कॅनची तुलना तिच्याशीच करावी लागणार आहे, ऑपरेशनपूर्वीच्या स्कॅनशी नाही.